तिसरं कडवं वगळा

आधीच सांगून ठेवते, मी एक शब्दही खोटा बोललेले नाही. माझं काम काय आहे ते नीट ऐका आणि मग काय नावं ठेवायची ती ठेवा. लोकांना वाटतं, ही बाई दिवसभर खुर्चीत बसून गाणी ऐकते आणि महिन्याच्या महिन्याला पगार घेते. आमची धाकटी बहीणसुद्धा चारचौघांत असंच सांगायची, "आमची ताई ना, गाणी ऐकते." जसं काही मी तिथं पाय पसरून लोळतच असते.

आमच्या ऑफिसात लहान मुलांच्या जागांसाठी गाणी निवडतात. शाळेच्या बस, पाळणाघरं, खेळण्यांची दुकानं, मुलांचे दवाखाने. सगळ्यांना नवी, धडाकेबाज, नाचायला लावणारी गाणी हवी असतात. शब्द मात्र असे हवेत की चार वर्षांच्या पोरानं ते भर रस्त्यात मोठ्यानं म्हटले तरी आईबापाला तोंड लपवायला लागू नये. असं गाणं शोधून बघा एकदा, म्हणजे कळेल. ठेका छान, आवाज गोड, आणि मधेच कुणीतरी कुणाला तरी खिडकीतून आत बोलावतंय, नाहीतर एखादा रडतराऊत मरायच्या गोष्टी करतोय. शंभरातून आठ-दहा हाती लागली तर नशीब.

मी प्रत्येक गाणं तीनदा घेते. पहिल्यांदा हात मांडीवर ठेवून नुसतं ऐकते. दुसऱ्यांदा ऐकत ऐकत टाइप करते. तिसऱ्यांदा हेडफोन काढून ठेवते, कागद छापून घेते आणि विजेचं बिल वाचावं तसं सपाट आवाजात मोठ्यानं वाचते. चाल काढून घेतली की शब्द उघडे पडतात. समोरच्या टेबलावरची मुलगी सुरुवातीला फिदीफिदी हसायची, आता तीही गुपचूप असंच वाचते.

मग खाली शेरा मारायचा. चालेल, चालणार नाही, किंवा कापून चालेल. गाणं चांगलं असतं, एखादंच कडवं नासकं असतं, तेव्हा हा तिसरा शेरा. शेजारच्या खोलीतला रेकॉर्डिंगवाला तेवढं कडवं उडवतो, सांधा कळूसुद्धा देत नाही, आणि गिऱ्हाइकाला ते कापलेलं गाणं जातं. यादीत त्या गाण्यापुढे लाल फुली आणि हा शेरा असतो. कापलेलं गाणं आमच्याकडेच असतं, बाहेरच्याकडे नाही. त्याला नुसती नावं मिळाली तर तो कुठूनतरी आख्खं गाणं काढून लावणार. म्हणून नुसती यादी बाहेर द्यायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे. साहेबांच्या मागे लागून तो नियम मीच करून घेतला होता.

धाकटी माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिची मुलगी चार वर्षांची होती. जन्मली तेव्हा शर्टाच्या गुंडीएवढी होती म्हणून तिला आम्ही गुंडीच म्हणायचो. धाकटीचा नवरा गाड्यांमध्ये स्पीकर बसवायचा. मनात मी त्याला स्पीकरवाला म्हणते, तोंडावर पाहुणे. हातात कसब, जिभेवर साखर, आणि प्यायला की भिंतीला टेकून नुसता उभा. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, उगाच कशाला त्याच्या नावावर खपवू? पण पोरगी तापानं फणफणली तरी ह्याचा पत्ता नाही, आणि विचारलं की ठरलेलं उत्तर, "कामाचा फोन आला होता." धाकटीनं ते उत्तर कितीतरी वर्षं मुकाट ऐकून घेतलं. मग एका दुपारी तो गुंडीला दुकानात बसवून प्यायला गेला, आणि परत येऊन, आत कोण आहे ते विसरून, शटर ओढून घरी आला. पाऊण तास पोर आत अंधारात होतं. त्या दिवशी धाकटीनं बॅग भरली.

तर असा माणूस. हे लक्षात ठेवा आणि मग पुढचं ऐका.

आई गेल्यापासून नऊ वर्षं मी एकटी राहत होते. दोन खोल्या, एक गॅलरी. घरी आलं की कुलूप काढायचं, दिवा लावायचा, आणि सकाळी जिथं ठेवलं होतं तिथंच सगळं सापडायचं. गुंडी आली आणि काही म्हणून जागेवर सापडेनासं झालं. माझा चष्मा फ्रिजमध्ये, माझी चप्पल तिच्या बाहुलीची गाडी. तोंड तर चालू नळ. उठल्यापासून झोपेपर्यंत बडबड, आणि सगळी माझ्याशी, कारण धाकटी औषधाच्या दुकानात दिवसभर उभी राहून दमून यायची. माझ्याच अंथरुणात झोपायची. झोपेत लाथा मारायची. मी जागी व्हायचे, तिचं पांघरूण नीट करायचे आणि पडून राहायचे. मला ते आवडायचं. कुणापाशी बोलले नाही, पण फार आवडायचं.

नवराबायकोची भांडणं सोडवणाऱ्या एक समुपदेशक बाई आहेत. त्यांनी मध्ये पडून कागदावर ठरवून दिलं. दर शनिवारी दहा ते एक, मुलगी बापाकडे. त्यानं दारूला शिवायचं नाही. महिन्यातून एकदा सगळ्यांनी बाईंसमोर बसायचं. पहिल्याच महिन्यात गुंडी त्याच्या गाडीतलं कसलंतरी घाणेरडं गाणं शाळेत म्हणून आली, वर्गशिक्षिकेची चिठ्ठी आली, आणि कागदावर आणखी एक अट चढली: मुलीच्या वयाला शोभतील अशीच गाणी लावायची.

आणि मग तो सुधारला की हो! मी रोज वाट बघत होते, आज घसरेल, उद्या घसरेल. चौदा महिने घसरला नाही. शनिवारी बरोबर एकच्या ठोक्याला गुंडीला घेऊन दारात हजर. आधी दारातूनच परत जायचा. मग धाकटी पाणी द्यायला लागली. मग चहा. मग तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायला लागला. एका शनिवारी मी बाहेरून आले तर दोघं हसत होती, आणि मला बघून गप्प झाली. माझ्याच स्वयंपाकघरात!

त्या आठवड्यात धाकटी कपडे घडी करता करता म्हणाली, "ताई, पुढच्या बैठकीत बाईंना विचारावं म्हणतेय."

"काय?"

"परत एकत्र राहून बघावं म्हणते. गुंडीलाही बाबा हवाय गं. आणि तुझ्यावर तरी किती दिवस भार टाकायचा?"

"भार कसला?" मी म्हटलं. आवाज मी सरळ ठेवला. "तुझा संसार आहे, तू ठरव."

ती येऊन माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "तू आहेस म्हणून मी आहे." मी तिच्या खांद्यावरून बघत होते. गुंडी जमिनीवर बसून माझ्या सगळ्या पेनांची टोपणं अदलाबदल करत होती.

दुसऱ्या दिवशी स्पीकरवाल्याचा मला फोन. देव देतो ते असं देतो.

"ताई, एक काम होतं. रागावू नका. तुम्ही ती मुलांची गाणी निवडता ना, मला थोडी सांगाल का? ती अट आहे ना आमच्या कागदात. सध्या मी गाडीत काही लावतच नाही. गुंडी म्हणते, बाबा, तुझी गाडी मुकी झाली."

"मग ऐकून निवडा की तुम्हीच," मी म्हटलं.

"तेच तर जमत नाही, ताई. मी ठेका ऐकतो. स्पीकरचा बास किती आहे, घुमतंय का, फाटतंय का, तेवढंच माझ्या कानाला कळतं. शब्द डोक्यात शिरतच नाहीत. दहा वर्षं ऐकलेल्या गाण्याचे शब्द मला विचाराल तर सांगता येणार नाहीत."

हे त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

"थोडे दिवस द्या, पाहुणे," मी म्हटलं. "चांगली शोधून देते."

अकरा दिवस शोधत होते. एकोणतीस गाणी तर अर्ध्या तासात निघाली, सगळी स्वच्छ, कुणी बोट दाखवून दाखवावं. अकरा दिवस लागले ते तिसाव्याला. फुलीवाल्या गाण्यांचा गठ्ठा काढून मी जेवणाच्या सुट्टीत एकेक कागद वाचत बसायचे. मला वावगं काहीतरी नको होतं, नेमकं हवं होतं. समोरच्या टेबलावरची म्हणाली, "एवढं काय शोधताय? कुणासाठी?" मी म्हटलं, "माझ्या भाचीसाठी." आणि हे खरंच होतं.

शेवटी सापडलं. दोन वर्षांपूर्वी मीच शेरा मारलेलं. उड्या मारत गिरक्या घ्यायचं गाणं, पाय थिरकलेच पाहिजेत असं. पहिल्या कडव्यात बूट उडून जातो, दुसऱ्यात दहापर्यंत आकडे मोजतात आणि धपकन खाली बसतात. लहान मुलांना ह्याहून काय पाहिजे? आणि तिसऱ्यात, त्याच उड्या मारणाऱ्या चालीत:

भर अजून एक, इथं बघतंय कोण?
आईला सांगू, आला कामाचा फोन.

मी ते सपाट आवाजात वाचलं. मग परत एकदा वाचलं. खाली माझ्याच अक्षरात होतं: कापून चालेल, तिसरं कडवं वगळा.

तो शुक्रवारी ऑफिसच्या खाली आला. आम्ही जिन्यात उभे राहिलो. त्यानं खिशातून दुकानाची पावत्यांची वही काढली आणि एका पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागला. मी माझ्या छापील यादीवरून नावं सांगत गेले. सतरावं नाव आलं. मी नाव सांगितलं, त्यानं नाव लिहिलं. नावापुढे काय आहे ते त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. झालं एवढंच.

"ताई, तुमचे उपकार कसे फेडू?" तो म्हणाला. माझ्या गळ्यातल्या हेडफोनची एक वायर सैल झाली होती, कधीपासून एकाच कानात आवाज येत होता. त्याच्या नजरेनं ते लगेच टिपलं. पायरीवर बसून, खिशातली छोटी पक्कड आणि टेप काढून, पाच मिनिटांत त्यानं ती जोडून दिली. म्हणाला, "आता दोन्ही कानांनी ऐका." मी थँक्यू म्हटलं. म्हणायला नको होतं का?

तीन शनिवार गेले. गुंडी यायची ती गात, नाचत, घामाघूम. मी कान टवकारून असायचे. पहिल्या शनिवारी बूट. दुसऱ्या शनिवारी आकडे. तिसऱ्या शनिवारी धाकटी दुकानात होती आणि मी गुंडीला अंघोळ घालत होते, तेव्हा तोंडावर साबण असताना तिनं ते तिसरं कडवं म्हटलं. एकही शब्द न चुकता. शब्द सगळे स्पष्ट, जिभेवर घोळवून घोळवून, कारण तिला 'फोन' वर टुणकन उडी मारायची असायची.

तेव्हाही मला थांबवता आलं असतं, हे मला कळतं, कुणी शिकवायला नको. तिला सांगायचं, हे कडवं नको गं म्हणू. त्याला फोन करायचा, पाहुणे, एक फुली राहिली. मी तिच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि म्हटलं, "छान म्हणतेस की! बुधवारी बाईंना म्हणून दाखव हं."

"नाचून?"

"नाचून."

बुधवारी बाईंच्या खोलीत आम्ही सगळे बसलो. निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात टोपलीत तुटकी खेळणी, टेबलावर बाईंची फाइल. धाकटीनं त्या दिवशी नवा ड्रेस घातला होता. स्पीकरवाला दाढी करून आला होता आणि सारखा गुडघ्यांवर हात पुसत होता. दोघांनी काय बोलायचं ते आधीच ठरवलं होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी भिंतीजवळच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसले.

बाईंनी आधी गुंडीलाच विचारलं, "मग, शनिवारी बाबांबरोबर काय काय मज्जा केली?"

"गाणं म्हणू?" गुंडी खुर्चीवरून खाली उतरलीसुद्धा. "नाचून म्हणायचंय."

बूट उडाला तेव्हा बाई हसल्या. तिनं खरंच पायातला बूट उडवला आणि तो टेबलाखाली गेला. आकड्यांना धाकटीनं टाळ्यांचा ठेका धरला. दहाला गुंडी धपकन खाली बसली, उठली, गिरकी घेतली आणि तिसरं कडवं म्हटलं. 'फोन' वर उडी मारून दोन्ही हात वर करून उभी राहिली, आता सगळे वाहवा करतील म्हणून.

धाकटीचे हात टाळीच्या मध्येच थांबले होते.

"हे कुठं ऐकलंस?" बाईंनी हळूच विचारलं.

"बाबाच्या गाडीत!"

"कामाचा फोन," धाकटी म्हणाली. आधी नुसतं तेवढंच. मग तिचा आवाज चढला. "आईला सांगू, कामाचा फोन. हे शिकवतोस तिला? गाडीत बसून पितोस आणि तिला हे शिकवतोस?"

"अगं, काय बोलतेस? चौदा महिने मी थेंबाला शिवलो नाही!"

"मग हेच गाणं बरं सापडलं तुला? जगातली सगळी गाणी संपली होती?"

"ताईंच्या यादीतलं आहे ते," तो म्हणाला, आणि खिशातून पावती काढून बाईंसमोर ठेवली. "विचारा ताईंना. सतरावं आहे बघा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्स उघडली, ऑफिसची छापील यादी काढली आणि त्याच्या पावतीशेजारी ठेवली. सतरावं नाव, लाल फुली, आणि समोर स्पष्ट अक्षरात: कापून चालेल, तिसरं कडवं वगळा.

"तुमच्या यादीत तर लिहिलंय," बाई म्हणाल्या. "ह्यांच्या कागदावर नाही."

"ऑफिसचा कागद तुमच्यासमोर आहे, बाई," मी म्हटलं. "आता मी आणखी काय बोलू?"

स्पीकरवाल्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. शब्द डोक्यात शिरत नाहीत म्हणणारा माणूस, पण हे त्याच्या डोक्यात बरोबर शिरलं. मी नजर काढली नाही. काढली असती तर बाईंना कळलं असतं.

"ताई, तुम्ही..." तो बोलायला लागला, आणि धाकटी उसळली. "खबरदार माझ्या बहिणीचं नाव घेतलंस तर! तिनं आम्हाला घरात घेतलं. तू पोरीला शटरमध्ये कोंडून आला होतास!" ती रडत होती आणि ओरडत होती, बाई "शांत व्हा, शांत व्हा" म्हणत उठल्या होत्या, आणि मध्ये गुंडी एका पायात बूट घालून उभी. ती आईकडे बघायची, बापाकडे बघायची. मग तिनं विचारलं, "आई, मी चुकले?"

कुणी ऐकलं नाही. त्यानं ऐकलं. तो जे काही बोलणार होता ते गिळून बसला.

"माझंच चुकलं," तो म्हणाला. "लिहून घेताना राहिलं असेल. थांबव आता. तिच्यासमोर नको."

बाईंनी फाइलमध्ये बराच वेळ लिहिलं. शनिवार बंद, सहा महिने. त्यानंतर पुन्हा बसू आणि बघू. धाकटी म्हणाली, "मला पुन्हा बसायचंही नाही." मनात मी सुटकेचा श्वास सोडला. हो, सोडला! लपवून काय करू?

बाहेर पायऱ्यांवर तो गुडघे टेकून बसला, टेबलाखालून काढलेला बूट गुंडीच्या पायात घातला आणि म्हणाला, "एकदम मस्त नाचलीस." धाकटी रिक्षा थांबवायला पुढं गेली होती. तो उठून माझ्याजवळ आला. मला वाटलं आता तमाशा करणार. मी तयारच होते.

"ताई," तो म्हणाला, "मी काही विचारत नाही तुम्हाला. फक्त तिला एवढं सांगा, की तिचं काही चुकलं नाही. मला आता ती भेटणार नाही. तुम्ही सांगाल तर ती ऐकेल."

मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे शब्द देणं नव्हे.

शनिवारी दहा वाजता गुंडी बूट घालून दाराशी बसली होती. धाकटी कामावर गेली होती. मी म्हटलं, "बाळा, बूट काढ. बाबा येणार नाहीत."

"का?"

मी दाराची कडी लावली.

"मी ते गाणं म्हटलं म्हणून?"

आता बघा, मी नाही म्हटलं असतं, तर पोरगी लगेच विचारणार, मग का? तिचा स्वभाव मला माहीत. एक का संपला की दुसरा. आणि त्या का-का-कानं ती कुठपर्यंत पोचली असती? मी तिला बाईंना म्हणून दाखव सांगितलं होतं, ते तिच्या लक्षात होतंच. आज ना उद्या आईला सांगणार. तिथंच तोडायला हवं होतं.

"हो," मी म्हटलं. "त्यात वाईट शब्द होते. वाईट शब्द तोंडातून गेले की असं होतं, माणसं यायची बंद होतात. म्हणून शब्द जपून वापरायचा. कुठला चालतो, कुठला नाही, ते आधी मावशीला विचारायचं. कळलं?"

तिनं मान हलवली आणि बूट काढायला लागली. बेल्ट निघेना, तर हाकही मारली नाही. ओढत राहिली.

पहिले काही दिवस धाकटीसुद्धा खूश होती. "किती शहाणी झाली बघ," म्हणायची. गाणं नाही, दंगा नाही. मग गुंडीनं विचारायला सुरुवात केली. "मावशी, 'दूध' म्हटलं तर चालेल?" चालेल, मी म्हणायचे. "'आणखी' चालेल?" चालेल. "'नको' चालेल?" मला आधी हसू आलं. ऑफिसात सांगितलं, तर समोरच्या टेबलावरची म्हणाली, "तुमच्या हाताखाली तयार होतेय की." महिन्याभरानं ती कानाशी येऊन कुजबुजत विचारायला लागली, कारण विचारताना तो शब्द मोठ्यानं तोंडातून जाईल आणि तो वाईट निघाला तर, अशी तिला भीती. शाळेतून चिठ्ठी आली, मुलगी वर्गात बोलत नाही, हजेरीलाही नुसता हात वर करते.

"बोल की गं नीट!" धाकटी तिच्यावर खेकसली. धाकटी हल्ली सगळ्यावरच खेकसते, दुकानात जास्तीच्या पाळ्या घेते, आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडते. गुंडीनं माझ्याकडे पाहिलं. आईला उत्तर द्यायलाही तिला माझी परवानगी लागत होती. मी जवळ घेऊन समजावलं, "अगं, सगळे शब्द चालतात, वाईट तेवढे नाही." ती म्हणाली, "पण ते आधी कळत नाहीत ना."

रात्री अजून माझ्याच अंथरुणात झोपते. लाथ मारत नाही. सरळ पडून राहते.

परवा रविवारची दुपार. धाकटी बाजारात गेली होती. मी आतल्या खोलीत इस्त्री करत होते, गुंडी बाहेर खेळत होती. गॅलरीचं लोखंडी दार वाऱ्यानं धाडकन बंद झालं, ते मी ऐकलं. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही, म्हणून मी दोन शर्ट आणखी केले, एका उशीच्या अभ्र्याला इस्त्री फिरवली, प्लग काढला आणि पाणी प्यायला बाहेर आले.

गुंडी दाराला चिकटून उभी होती. उजव्या हाताचं मधलं बोट बिजागरीत अडकलं होतं. चेहरा पांढराफटक, ओठ दातांत धरलेले, गालांवरून पाण्याच्या धारा, आणि तोंडातून हूं की चूं नाही. दाराच्या पट्टीवरून रक्त ओघळून खाली फरशीवर साचलं होतं. तेवढं साचायला वेळ लागतो.

"अगं बाई गं! गुंडे! हाक नाही का मारायची?" मी धावले. दार खांद्यानं ढकललं, बोट सुटलं, नख अर्धं लोंबत होतं. मी तिचा हात माझ्या मुठीत घट्ट धरला.

ती माझ्या कानाशी आली आणि कुजबुजली, "मावशी, ओरडू?"

"ओरड!" मी म्हटलं. "ओरड गं बाळा, मोठ्यानं ओरड, दुखतंय ना तुला!"

तिनं तोंड उघडलं. परत मिटलं. माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"काय म्हणून ओरडू?"

तिला एक शब्द हवा होता. आई बाजारात होती. माझ्या मुठीतून रक्त ठिबकत होतं, आणि दुखलेल्या पोरानं जो ओरडावा असा एकच शब्द, 'आई', माझ्या जिभेवर आला होता. तो मी तिला सांगितला नाही.